‘घरी येतंय, हितंच लाल दावतंय’: ऑनलाइन सरावात बरोबर प्रोग्राम चुकीचा का ठरतो

“मॅडम, घरी बरोबर येतंय ओ, हितंच लाल दावतंय!”

कोल्हापुरात बीसीएस-बीसीएच्या पहिल्या वर्षाला शिकवायला लागल्यापासून दर पावसाळ्यात हे वाक्य ऐकते आहे. लॅबच्या दाराशी ओल्या छत्र्यांचा ढीग, आत चाळीस पडदे आणि त्यातले निम्मे लाल. तक्रार कागलहून एसटीनं येणाऱ्या मुलीची असो की राजारामपुरीतल्या मुलाची, शब्दसुद्धा बदलत नाहीत. गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असतात. घरी खरंच बरोबर येतं.

प्रोग्रामिंगचा सराव करून घेणारी वेबवरची साधनं आता बरीच आहेत. मूडल या ऑनलाइन वर्ग चालवायच्या प्रणालीत बसवायचा कोडरनर आहे, स्टॅनफर्डच्या निक पार्लांटे यांचं कोडिंगबॅट आहे, हॅकररँक आहे. दिसायला वेगवेगळी, पण आतलं काम एकच: तुमचा प्रोग्राम घ्यायचा, ठरलेला इनपुट द्यायचा, आलेलं उत्तर ठरलेल्या उत्तराशी लावून बघायचं. जुळलं तर हिरवं, नाही तर लाल. तुम्हाला काय म्हणायचं होतं हे विचारायला तिथं कुणी बसलेलं नसतं.

लाल दिसलं की मुलं आधी लूपवर हात टाकतात. चांगलं चाललेलं लूप मोडतात, मग खरोखर चुकतं, आणि मुळात काय लिहिलं होतं तेही आठवत नाही. म्हणून माझ्या लॅबमध्ये एक नियम आहे. लाल आलं की पहिली दहा मिनिटं लॉजिकला हात लावायचा नाही.

आधी तेच लाल घरी आणून दाखवा

तुम्ही कीबोर्डवर बसून प्रोग्राम चालवता, तपासणारं यंत्र तसं चालवत नाही. ते सगळा इनपुट एका फाइलीतून एकदम ओतून देतं. तीच परिस्थिती आपल्या मशीनवर उभी करायची. नोटपॅडमध्ये इनपुट लिहून फाइल सेव्ह करा. कमांड प्रॉम्प्ट उघडा, प्रोग्रामचं नाव टाका, पुढे ‘पेक्षा लहान’चं चिन्ह (<) आणि मग त्या फाइलीचं नाव. एंटर मारा आणि हात मांडीवर ठेवा. आता पडद्यावर जे उमटेल, बहुतेक वेळा तेच त्या यंत्राला दिसतं.

विंडोजवर कोड लिहायला व्हीएस कोड हा एडिटर वापरत असाल तर एक खोडी लक्षात ठेवा. त्याच्या टर्मिनलमध्ये बहुधा पॉवरशेल उघडलेलं असतं, आणि पॉवरशेलला हे ‘पेक्षा लहान’चं चिन्ह चालत नाही, ते एरर देतं. साधा कमांड प्रॉम्प्ट घ्या. ही एक ओळ न सांगितल्यामुळे माझं एक अख्खं प्रॅक्टिकल वाया गेलेलं आहे.

‘पहिली संख्या टाका’

सगळ्यांत जास्त वेळा सापडणारं कारण हेच. प्रश्न असतो दोन संख्यांची बेरीज. इनपुट १२ आणि ३०, अपेक्षित उत्तर नुसतं ४२. मुलांनी मात्र पुस्तकात बघून आधी सी भाषेतल्या प्रिंटफ या छापायच्या आज्ञेनं ‘पहिली संख्या टाका’ छापलेलं असतं, मग ‘दुसरी संख्या टाका’, आणि शेवटी ‘बेरीज =’. घरी हे देखणं दिसतं, कारण आपण १२ टाइप करून एंटर मारतो तेव्हा ओळ आपोआप मोडते. यंत्राकडे टाइप करणारं कुणी नाही, एंटरही नाही. त्याच्या हातात पडतं ते असं:

पहिली संख्या टाका: दुसरी संख्या टाका: बेरीज = ४२

ही अख्खी माळ ते ‘४२’शी लावून बघतं आणि लाल दाखवतं. मुलं म्हणतात, “४२ आलंय की मॅडम!” आलंय, पण तीन पाहुणे बरोबर घेऊन आलंय.

यावर इलाज एका वाक्याचा आहे: प्रश्नात मागितलं नसेल ते छापू नका. तो अंगवळणी पडायला मात्र महिना लागतो. आम्हीच पहिल्या दिवसापासून ‘युजरशी नम्रपणे बोला, त्याला काय टाकायचं ते सांगा’ असं शिकवलेलं असतं, आणि ते चुकीचं नव्हतं. माणसासाठी लिहिलेला प्रोग्राम बोलका असावा, यंत्रासाठी लिहिलेला मुका. मी आता पहिल्याच तासाला दोन्ही शेजारीशेजारी चालवून दाखवते.

मोकळ्या जागांची भीती मात्र मुलं उगाच बाळगतात. कोडरनरमध्ये नेहमीची ‘एक्झॅक्ट मॅच’ तपासणी ओळीच्या शेवटची स्पेस आणि सगळ्यात शेवटच्या रिकाम्या ओळी सोडून देते. शब्दांमधल्या जादा स्पेस आणि लहान-मोठ्या लिपीचा फरकही सोडायचा असेल तर ‘निअरली एक्झॅक्ट’ निवडायचं, आणि ते शिक्षकाच्या हातात आहे. पहिल्या महिन्यात मी तेच ठेवते. स्पेसवरून मुलांना रडवण्यात शहाणपण नाही.

छापणं आणि परत देणं

कोडिंगबॅटवर उलटा घोळ होतो. तिथं इनपुट वाचायचाच नसतो. फंक्शनला किंमती मिळतात आणि उत्तर रिटर्न करायचं असतं. मुलं सवयीनं प्रिंट करतात. पायथन भाषेत अशा फंक्शनकडून ‘नन’, म्हणजे ‘काहीच नाही’, परत येतं, आणि मग ‘नन’ म्हणजे काय, असा प्रश्न घेऊन रांग लागते.

मी महाद्वार रोडवरच्या दुकानाचं उदाहरण देते. दुकानदारानं “दोनशे चाळीस झाले” असं ओरडून सांगितलं, तर ते प्रिंट. बिल लिहून तुमच्या हातात दिलं, तर ते रिटर्न. ओरडलेलं ऐकू आलं तरी घरी जाऊन हिशेबाच्या वहीला जोडायला हातात काही उरत नाही. एवढ्यानं समजलं नाही तर पायथन ट्यूटर या वेबसाइटवर तोच कोड टाकून एकेक ओळ पुढे सरकवायची. फिलिप गुओ यांनी २०१० साली केलेलं हे साधन मेमरीतल्या चौकटी काढून दाखवतं. रिटर्न लिहिल्यावर ती किंमत फंक्शनच्या चौकटीतून बाहेर येताना दिसते, आणि पोरांच्या तोंडून एक लांबलचक “हां...” निघतं.

टर्बो सीची सावली

आमच्याकडे अजून कितीतरी लॅबमध्ये डॉसबॉक्सच्या (जुने डॉस प्रोग्राम चालवणाऱ्या साधनाच्या) निळ्या पडद्यात टर्बो सी हा सीचा जुना कंपायलर, म्हणजे कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, चालतो. त्याला नावं ठेवायचा माझा विचार नाही, मीही त्याच्यावरच शिकले. पण ऑनलाइन साधनांच्या मागे बहुतेक ठिकाणी लिनक्स आणि जीसीसी हा दुसरा कंपायलर असतो, आणि सासर-माहेरचा फरक तिथं पडतो.

कोनिओ डॉट एच ही हेडर फाइल जीसीसीकडे नाही, म्हणून पहिल्याच ओळीला कंपाइल एरर. पडदा पुसायची ओळ आणि शेवटी कळ दाबेपर्यंत थांबवणारी गेटसीएचची ओळ, दोन्ही काढा. व्हॉइड मेनऐवजी इंट मेन लिहा आणि शेवटी शून्य रिटर्न करा. हे वरवरचे फरक, एरर वाचला की कळतात.

खोल फरक एरर न देता गप्प बसतो. टर्बो सीमध्ये इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायचा प्रकार, दोन बाइटचा असतो, म्हणजे वरची मर्यादा ३२७६७. जीसीसीत तो चार बाइटचा. आता फॅक्टोरियल काढा. सातचं ५०४० दोन्हीकडे बरोबर येतं. आठचं यायला हवं ४०३२०, पण टर्बो सी छापतं उणे २५२१६, कारण ४०३२० मधून ६५५३६ वजा झाले. कपाट आवरताना एका जुन्या जर्नलमध्ये हे उणे २५२१६ मला सापडलं. शेजारी लाल शाईत ‘तपासले’ आणि सही. सही माझीच. आउटपुट पानावर चिकटवलंय ना, एवढंच बघून पुढे गेले असणार.

जीसीसीवर गेलं म्हणून कायमचं सुटलात असंही नाही. तिथं बाराचं ४७९००१६०० नीट येतं, तेराला इंट भरून वाहतो आणि पडद्यावर बहुधा १९३२०५३५०४ येतं. खरं उत्तर आहे ६२२७०२०८००. लपवलेल्या टेस्टमध्ये शिक्षकानं तेरा ठेवला असेल तर नमुन्याच्या सगळ्या टेस्ट हिरव्या आणि शेवटची एकच लाल, असं चित्र दिसतं. असं दिसलं की आधी व्हेरिएबलचा प्रकार तपासा. इंटऐवजी लाँग लाँग हा मोठा प्रकार घेतला की वीसपर्यंतची फॅक्टोरियल मावतात.

जाता जाता एक. आय बरोबर आय प्लस प्लस अधिक प्लस प्लस आय, याचं उत्तर काय, असे प्रश्न आपल्याकडे आवडीनं विचारले जातात. सीच्या मानकाप्रमाणे याचं ठरलेलं उत्तरच नाही. कंपायलर बदलला की उत्तर बदलू शकतं. असा प्रश्न ऑनलाइन सरावात टाकलात तर पोरं तुम्हालाच लाल करतील, आणि त्यांचं बरोबर असेल.

‘आत काही छापलंच नाही’

ही तक्रार कमी येते, पण आली की तासभर खाते. मुलानं शोधासाठी ठिकठिकाणी प्रिंटफ टाकलेले असतात. घरी त्यातले चार छापून मग प्रोग्राम कोसळतो. ऑनलाइन मात्र एकही ओळ दिसत नाही, थेट ‘सेगमेंटेशन फॉल्ट’, म्हणजे प्रोग्रामनं नको त्या मेमरीत हात घातल्याचा एरर. मुलाला वाटतं, प्रोग्राम सुरूच झाला नाही.

झालेला असतो. आउटपुट पडद्यावर जात असेल तर प्रत्येक ओळ संपली की बाहेर सोडली जाते. तेच फाइलीत किंवा पाइपमध्ये जात असेल तर आधी बफर नावाच्या तात्पुरत्या साठ्यात साठतं आणि बफर भरला किंवा प्रोग्राम नीट संपला की एकदम बाहेर पडतं. मध्येच कोसळलं तर साठलेलं सगळं बुडतं. प्रत्येक प्रिंटफनंतर साठलेलं लगेच बाहेर सोडणारं एफफ्लश लिहा, मग कुठपर्यंत पोचला होता ते दिसेल. बहुतेकदा ॲरेच्या बाहेर एक घर पाऊल गेलेलं असतं, नाही तर इनपुट वाचणाऱ्या स्कॅनफमध्ये व्हेरिएबलच्या आधीचं अँड चिन्ह राहिलेलं असतं.

याचाच चुलतभाऊ म्हणजे शून्य न केलेली बेरीज. ‘सम’ नावाचा व्हेरिएबल जाहीर केला आणि त्यात काही न टाकताच बेरीज सुरू केली. घरी त्या जागी योगायोगानं शून्य होतं, तिथं कचरा होता. कंपायलरचे इशारे चालू ठेवले तर हे तो स्वतःच सांगतो, पण इशारे वाचायची सवय आम्हाला कुणी लावली नाही.

व्हॉट्सॲपवरून आलेला कोड

एररमध्ये ‘स्ट्रे’ आणि पुढे ३४२, २००, २३४ असे आकडे दिसले तर शोध घ्यायची गरज नाही. कोड कुठून तरी उचललाय. वर्डमध्ये टाइप केलेल्या नोट्समध्ये सरळ अवतरण चिन्हं आपोआप वाकडी होतात. ते आकडे म्हणजे त्या वाकड्या चिन्हाचे तीन बाइट, अष्टमान पद्धतीत लिहिलेले. नवीन जीसीसी ते चिन्हच दाखवतं. सगळी अवतरण चिन्हं पुसून हातानं पुन्हा टाइप करा. शिक्षकांनी नोट्स देताना कोड साध्या टेक्स्ट फाइलीत दिला तर हा रोगच होत नाही.

कोल्हापूर किती अक्षरांचं?

ही चूक माझी, आणि तिनं मला सगळ्यांत जास्त शिकवलं. मुलांना इंग्रजी शब्दांचा कंटाळा आला म्हणून स्ट्रिंगच्या धड्यात मी मराठी शब्द टाकले. प्रश्न: दिलेल्या शब्दात किती अक्षरं आहेत? नमुन्याला ‘कोल्हापूर’. अपेक्षित उत्तर मी हातानंच लिहिलं: ४. को, ल्हा, पू, र.

पायथनच्या बॅचला सगळीकडे लाल. प्रत्येकाचं उत्तर ९. मुलं माझ्याकडे बघताहेत, मी पडद्याकडे. युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना संगणकात आकडे देण्याच्या पद्धतीत, क, ओची मात्रा, ल, हलन्त, ह, काना, प, दीर्घ ऊकार, र असे नऊ वेगळे संकेत असतात, आणि पायथनचं लांबी मोजणारं लेन तेच मोजतं. मागच्या बाकावरच्या एकानं हौसेनं सीमध्ये लांबी बाइटांत मोजणारं एसटीआरलेन लावून बघितलं. त्याचं उत्तर २७, कारण यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइटचा. चार, नऊ, सत्तावीस. तिन्ही आपापल्या जागी बरोबर, फक्त माझ्या प्रश्नात काय मोजायचं तेच लिहिलेलं नव्हतं.

मग शब्द उलटा करायचा प्रश्न मुद्दाम ठेवला. पायथननं दिलं ‘रूपाह्लोक’. वर्ग पाच मिनिटं हसत होता. माणसानं उलटं केलं असतं तर ‘रपूल्हाको’ आलं असतं. संकेत उलटे केले तेव्हा मात्रा शेजारच्या अक्षराला जाऊन चिकटल्या. पुढचा आठवडाभर कॉरिडॉरमध्ये ‘काय रूपाह्लोक’ अशीच हाक चालू होती.

आकड्यांचंही असंच. मोबाइलवर मराठी कीबोर्ड चालू राहिला आणि इनपुटमध्ये देवनागरी ५ गेला, तर पायथनचं मजकुरातून संख्या करणारं इंट तो निमूटपणे स्वीकारतं. सीचं स्कॅनफ त्यापाशीच अडून बसतं. आणि तोच ५ पायथनच्या कोडमध्ये संख्या म्हणून लिहिला तर सिंटॅक्स एरर.

त्या दिवसापासून अपेक्षित उत्तर मी हातानं टाइप करत नाही. आधी स्वतःचं उत्तर लिहून त्याच साधनावर चालवते. कोडरनरमध्ये प्रश्नाच्या पानावर आदर्श उत्तराची जागा असते आणि ‘व्हॅलिडेट ऑन सेव्ह’ असा पर्याय असतो. तो चालू ठेवला तर आपलंच उत्तर आपल्याच टेस्टमध्ये नापास झाल्याचं सेव्ह करतानाच कळतं. टेस्टच्या फाइली विंडोजच्या नोटपॅडमध्ये केल्या असतील तर ओळीच्या शेवटी एक जादा न दिसणारं अक्षर येतं. सीमध्ये एफगेट्स या ओळ वाचायच्या आज्ञेनं वाचलेल्या शब्दाची लांबी एकानं जास्त भरते आणि तुलना फसते. तीही चूक मुलांच्या माथी मारू नका.

अख्खा वर्ग एकदम लाल

एकाचं चुकलं तर कोड बघा. चाळीस जणांचं एकाच मिनिटाला चुकलं तर कोड बघू नका.

लॅबमधली सगळी मशीनं बाहेर जाताना एकाच पत्त्यानं जातात. बाहेरच्या साइटला चाळीस विद्यार्थी दिसत नाहीत, एकच उतावीळ माणूस दिसतो. ती मग कॅप्चा टाकते किंवा थोडा वेळ दार बंद करते. खाती आधी घरून उघडायला सांगा आणि बॅचचे दोन भाग करून पाच-दहा मिनिटांच्या फरकानं सुरू करा.

कोडरनर वापरत असाल तर कोड प्रत्यक्ष चालवणारा जोब नावाचा वेगळा सर्व्हर असतो. नव्यानं बसवल्यावर कोडरनर न्यूझीलंडमधल्या कँटरबरी विद्यापीठाच्या जोब सर्व्हरकडे बोट दाखवतो, कारण हे साधन तिथलंच. तो फक्त चाचणीसाठी आहे, त्यावर तासाला किती सबमिशन चालतील याची मर्यादा आहे. प्रॅक्टिकल ऐन रंगात आलं की नेमकी ती संपते. लॅबमधल्या एखाद्या जुन्या मशीनवर लिनक्स टाकून स्वतःचा जोब बसवा. डॉकर (तयार पॅकेजातून सॉफ्टवेअर चालवायचं साधन) येत असेल तर जोब-इन-अ-बॉक्स नावाची तयार इमेज आहे. एका वेळी तो मुळात आठ कामं चालवतो, ती मर्यादा वाढवता येते.

बसवल्यावर पहिलाच एरर येईल तो ‘यूआरएल ब्लॉक्ड’चा. घाबरू नका, जोब ठीक आहे. मूडल सुरक्षेसाठी १९२.१६८ नं सुरू होणारे घरगुती पत्ते आणि ८० व ४४३ सोडून बाकी पोर्ट (जोडणीची क्रमांकित दारं) अडवतं, आणि डॉकरमधला जोब बहुधा ४००० वर उभा केलेला असतो. साइट ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये सिक्युरिटीखाली ‘एचटीटीपी सिक्युरिटी’ उघडा. अडवलेल्या पत्त्यांच्या यादीत तुमचा पत्ता ज्या ओळीत बसतो ती ओळ काढा आणि परवानगीच्या पोर्टांत ४००० घाला. यात माझे दोन रविवार गेले.

‘टाइम लिमिट’ दाखवत असेल तर जवळजवळ नेहमी लूप थांबत नाहीय, किंवा प्रोग्राम न येणाऱ्या इनपुटची वाट बघत बसलाय. एखादा जादा स्कॅनफ शोधा.

इतकं करूनही अडलं आणि कुणाला विचारायचं ठरवलं, तर पडद्याचा मोबाइलनं काढलेला फोटो पाठवू नका. तिरक्या कोनातून, ट्यूबलाइटच्या उजेडात, नेमका एररवर अंगठा आलेला. कोड टेक्स्टमध्ये पाठवा. सोबत जो इनपुट दिला तो, जे आलं ते, जे यायला हवं होतं ते, आणि घरी कोणता कंपायलर वापरला त्याचं नाव. परवा एकीनं हे सगळं नीट लिहून काढलं आणि पाठवायच्या आधीच खाली दुसरा मेसेज टाकला, “सापडलं मॅडम, ‘संख्या टाका’ राहिलं होतं.”